वाऱ्याचा रकाना

मी नेमकं काय काम करतो हे कोल्हापुरात, आमच्या कसबा बावड्यात, अजून कुणाला धड कळलेलं नाही. "बर्फात मशिनं दुरुस्त करतोय," असं आक्का शेजारणींना सांगते आणि शेजारणींना वाटतं, मी बर्फाच्या कारखान्यात आहे. आक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिनं गल्लीत पसरवलेलं सगळं मला दुसऱ्या दिवशी निस्तरावं लागायचं. हल्ली मी तोही नाद सोडलाय.

तसं काम सांगायला सोपं आहे. अंटार्क्टिकावर जिथे माणूस राहत नाही अशा जागी बर्फात खांब रोवलेले असतात. खांबावर तापमान, हवेचा दाब आणि वारा मोजणारी यंत्रं असतात, आणि ती दर तासाला आपापले आकडे उपग्रहाकडे पाठवतात. हिवाळाभर तिथे चिटपाखरूही नसतं. उन्हाळा आला की, म्हणजे आपल्याकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते अडतात त्या दिवसांत, आमच्यासारखे लोक तिथे जातात, गाडले गेलेले खांब उकरून वर घेतात, मोडलेलं बदलतात आणि परत येतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

त्या वर्षी बरेच खांब नव्यानं उभे करायचे होते आणि मोहिमेला एक चांगला फिटर हवा होता. मी दाजींचं नाव पुढे केलं. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात ते फिटर आहेत. निवड झाली, तपासण्या झाल्या, घरात पेढे वाटले. आक्कानं पेढा हातात घेतला आणि तसाच ताटलीत ठेवला.

"ह्येंच्या हातावर आमचं घर चालतंय," ती मला म्हणाली. "धड नेतोयस, धड आण. न्हायतर माझ्या दारात येऊ नको. मी तुला भाऊ म्हणून वळकणार न्हाय."

आक्का लटकं बोलत नाही. तिनं एकदा नात्यातल्या एका बाईशी अबोला धरला तो ती बाई गाव सोडून गेली तरी सुटला नाही. त्यामुळे पुढे जे काही झालं ते होत असताना मला थंडीपेक्षा आक्काची भीती जास्त वाटत होती, हे आधीच सांगून टाकतो.

आणखी एक अडचण होती. आमच्यात जावयाचा मान मोठा. दाजी घरी आले की मी खुर्चीवरून उठतो, त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाही, आणि त्यांनी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला तर आई मला दिवसभर ऐकवते. अशा माणसाला तिथे मी हुकूम द्यायचे होते. दाजी, टोपी कानाखाली ओढा. दाजी, मला सांगितल्याशिवाय तंबूबाहेर पडायचं नाही. दाजी, काहीही झालं तरी उघड्या हातानं लोखंडाला शिवायचं नाही. पहिले काही दिवस माझी जीभच अडखळायची. त्यांनीच वाट काढली. एरवी मला 'तू' म्हणणारे दाजी सगळ्यांसमोर 'साहेब' म्हणायला लागले आणि सांगेन ते मुकाट्यानं करायला लागले.

"हितं तुमी साहेब, घरात मी दाजी," म्हणाले. "मला काय त्रास न्हाय."

मला मात्र होता. त्यांनी 'साहेब' म्हटलं की मी आजूबाजूला आई नाही ना ते बघायचो.

त्या हंगामातलं आमचं शेवटचं केंद्र, म्हणजे असाच एक खांब, एका लांबलचक बर्फाळ उतारावर होतं. तो उतार वाऱ्यासाठी बदनाम. वरच्या पठारावरची गार, जड हवा तिथून खाली घसरत येते आणि आमच्या मोहिमेच्या मुक्कामाच्या तळावर लख्ख ऊन असलं तरी तिथे माणूस उभा राहू शकत नाही अशी अवस्था असते. म्हणून तिथला वाऱ्याचा आकडा पायलट लोकांना फार लागायचा. नेमका तोच येत नव्हता. तापमान येत होतं, दाब येत होता, वाऱ्याचा रकाना हिवाळ्यापासून रिकामा होता.

हेलिकॉप्टरनं आम्हाला सकाळी तिथे उतरवलं आणि ते पुढच्या तुकडीचं सामान पोचवायला गेलं. दुपारी परत येऊन आम्हाला उचलणार होतं. नियमाप्रमाणे सोबत छोटा तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह आणि खाण्याची पेटी होती. उपग्रहावरून बोलणारा फोन पुढच्या तुकडीकडे होता, कारण त्यांना आठवडाभर राहायचं होतं. आम्हाला हातात मावणारा रेडिओ. तो थेट तळापर्यंत पोचत नसे. मधल्या एका डोंगरावर बसवलेलं यंत्र आमचा आवाज पकडून पुढे ढकलायचं. अर्ध्या दिवसाच्या कामाला तेवढं पुरेसं होतं.

वारं अगदी किरकोळ होतं. खांबाला शिडी लावून मी वर चढलो, टोकावरचा वारा मोजणारा पंखा काढला आणि नवा बसवला. दाजी खाली शिडी धरून उभे होते आणि रेडिओ त्यांच्या गळ्यात होता. मध्येच रेडिओ खरखरला. तळावरचा रेडिओवाला केरळचा होता, गोड माणूस, पण रेडिओवर शब्द मोजून वापरायचा.

"विंड हाय?" त्यानं विचारलं.

"हाय, हाय," दाजी म्हणाले. "थोडं हाय."

"ओके. कॉपीड."

मी वरून हे सगळं ऐकलं आणि मला त्यात काहीही खटकलं नाही. वारं आहे का म्हणून त्यानं विचारलं, आहे म्हणून दाजींनी सांगितलं, थोडं आहे हेही सांगितलं. माझ्या कानाला ते बरोबरच होतं. मी पुढचा स्क्रू पिळायला घेतला.

पंखा बदलूनही आकडा येईना. खालच्या पेटीतल्या छोट्या पडद्यावर वाऱ्यापुढे नुसत्या रेघा. मी पुन्हा वर चढून केबल तपासली. पंख्याजवळचा जोड गंजून फुटला होता, तारा सुटल्या होत्या. जोड नवीन करायचा म्हणजे बराच वेळ जाणार आणि हेलिकॉप्टर कधीही येईल. आधी सामान आवरू, वेळ राहिला तर बघू, असं ठरवून आम्ही पेट्या बांधल्या आणि त्यांच्यावर बसून राहिलो. दाजींनी खिशातून भडंगाची पुडी काढली. बसून बसून ती संपली. आकाशात काहीच नव्हतं, आवाजही नव्हता.

शेवटी मी रेडिओवर विचारलं, हेलिकॉप्टर कुठे आहे.

"तुम्हीच तर वारं जोराचं सांगितलंत," रेडिओवाला हिंदीत म्हणाला. "पायलट अर्ध्यातून वळला. आता इकडे ढग खाली आलेत. आज काही जमणार नाही."

मी रेडिओ खाली केला आणि दाजींकडे पाहिलं.

"दाजी, तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"मी? काय न्हाय. त्यो म्हणला, वारं हाय का. मी म्हटलं, हाय."

"तो म्हणाला, विंड हाय."

"तेच की. विंड हाय? हाय. न्हाय कसं म्हणू? खोटं झालं आस्तं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या इंग्रजीतलं हाय म्हणजे जोराचं. आमच्या कोल्हापुरी हायचा अर्थ नुसतं आहे. दाजींनी तीनदा हाय म्हटलं होतं, म्हणजे त्या बिचाऱ्यानं तीनदा जोराचं ऐकलं. मधलं 'थोडं' त्याला कळायचं काहीच कारण नव्हतं.

मला भयंकर राग आला. तो कुणावर काढायचा हे कळेना, कारण मी स्वतः वरून ऐकूनही गप्प बसलो होतो आणि दाजींवर ओरडायची आमच्या सात पिढ्यांत पद्धत नाही. मी एका पेटीला लाथ मारली. पायच दुखला. दाजी म्हणाले, "साहेब, तंबू ठोकायचा न्हवं?"

तंबू ठोकून होतोय तोवर वारं खरोखरच आलं. आधी जमिनीलगत भुरभुर बर्फ सरकायला लागला, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग शेजारचा खांब दिसेनासा झाला. आम्ही आत शिरलो. त्यानंतर आमचं सगळं जग म्हणजे दोन स्लीपिंग बॅगा आणि हलणारं कापड.

वादळात तंबूत बसणं म्हणजे काय हे मला आक्काला कधी सांगता आलं नाही. काहीच घडत नाही आणि क्षणभर उसंत मिळत नाही. कापडाचा फडफडाट इतका की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. तिथे उन्हाळ्यात रात्र होत नाही, त्यामुळे झोपून उठलो तरी तोच पांढुरका उजेड आणि तोच आवाज. वाऱ्याच्या बाजूची एक काठी मोडली. तिथे कापड आत यायला लागलं, तेव्हा आम्ही आळीपाळीनं त्याला पाठ लावून बसलो. मग शिवण उसवली. दाजींनी ती आतून चिकटपट्टीनं धरली, पण पट्टी गारठ्यात नीट चिकटेना. ते एकदाही कुरकुरले नाहीत. मीच मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होतो, रेडिओवाल्याला, पायलटला, मराठी भाषेला आणि दाजींचं नाव पुढे करणाऱ्या मला.

एकदा रेडिओ लागला. मी रेडिओवाल्याला हायची भानगड समजावून सांगितली. तो हळू आवाजात सॉरी म्हणाला. मीही सॉरी म्हणालो. मग त्यानं कामाचं सांगितलं. हे वादळ ओसरेल, मध्ये काही तास उघडीप मिळेल, पण मागून दुसरं येतंय आणि ते याच्यापेक्षा मोठं आहे. तळावरून हेलिकॉप्टर तयार ठेवतील. आमच्या उतारावर वारं पडलं की लगेच कळवा, त्याशिवाय पायलट निघणार नाही.

"वारं पडलं की मीच सांगेन," मी म्हणालो. "इंग्रजीत सांगेन."

त्यानंतर रेडिओ बंद झाला. आमचा चालू होता, दिवा लागत होता, बटण दाबलं की टक्क आवाज यायचा, पण पलीकडून नुसती खरखर. मधल्या डोंगरावरचं यंत्र वादळात गेलं असणार. मी दर थोड्या वेळानं हाका मारत राहिलो. दाजींनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चिकटपट्टी दाबायला घेतली.

वारं पडलं ते एकदम. इतक्या आवाजानंतर कान ठणकायला लागले. आम्ही तंबूची चेन उघडून बाहेर आलो. ऊन पडलं होतं, खांब शाबूत होता, आणि त्यावरचा नवा पंखा निवांत फिरत होता. तंबूची एक बाजू पार फाटली होती. आत होतो तोवर ती किती फाटलीय हे कळलं नव्हतं. पुढच्या वादळात हा तंबू टिकणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं. आणि लांब, उताराच्या वरच्या अंगाला, आकाशाच्या कडेनं एक काळपट पट्टा आलेला होता.

रेडिओवर खरखर.

"वारं पडलंय हे आता त्येंला कळायचं कसं?" दाजी म्हणाले.

मी पंख्याकडे बघत होतो. तळावरच्या पडद्यावर या केंद्राची ओळ असणार. तापमान दिसत असणार, दाब दिसत असणार. रिकामा होता तो फक्त वाऱ्याचा रकाना. तो भरला, तर आमच्यापैकी कुणी तोंडही उघडायची गरज नव्हती.

"जोड करायचा," मी म्हणालो. "पुढच्या तासाचा आकडा जायच्या आत."

"करा," दाजी म्हणाले. "त्या मशिनला आपल्यासारखं बोलता येत न्हाय हे लई ब्येस हाय."

मला हसू आलं. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच.

मी जाड हातमोजे काढून आतल्या पातळ मोज्यांवर वर चढलो. जुना जोड कापून टाकला. नवीन जोड बोटाच्या पेरापेक्षा मोठा नसतो, आणि त्यात तारा घालून बारीक स्क्रूंनी आवळायच्या असतात. कोल्हापुरात टेबलावर बसून मी हे काम गप्पा मारत करतो. तिथे दोन तारा बसल्या आणि माझी बोटं मेली. स्क्रू मोज्याच्या कापडाला अडकायला लागला. एक निसटला. खाली बर्फावर पडताना दिसला आणि मग दिसलाच नाही. पिशवीत जादा होता, तो काढताना माझ्या हातून पिशवीच पडत होती. काळा पट्टा आता नुसता पट्टा राहिला नव्हता, त्याला उंची आली होती.

मोज्यावर हे होणार नव्हतं. मी उजव्या हाताचा मोजा दातात धरून ओढायला लागलो, तेवढ्यात कुणीतरी माझी पँट खालून खेचली.

"उतरा साहेब."

"होत आलंय. शिडी धरा."

"तुमची बोटं मेल्यात. ह्यो बी स्क्रू घालवशीला. उतरा."

"तुम्ही मोजे काढायचे नाहीत, दाजी. मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलंय. तुमची जबाबदारी माझ्यावर आहे."

"जबाबदारी ऱ्हाऊ दे बाजूला," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण बदलला. "आतापातूर तू म्हणशील तसं वागलो का न्हाय? टोपी घाल म्हणलास, घातली. आता मी तुझा दाजी म्हणून सांगतोय. उतर खाली."

मी उतरलो. विचार करून उतरलो असं म्हणता येणार नाही. त्या आवाजात दाजींनी काही सांगितलं की आमच्या घरात ते होतंच, आणि माझ्या पायांनी ते ऐकलं. मी जमिनीवर आलो तेव्हा त्यांनी मोजे काढून माझ्या हातात दिले होते आणि ते शिडीवर होते.

मी शिडी धरून वर बघत राहिलो. आवळायच्या वेळी ते स्क्रूड्रायव्हरचं पातं उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटानं टोकाशी सावरून धरत होते, त्याचं लोखंड थेट कातडीला. मी मध्येच ओरडलो, "दाजी, पुरे, हात आत घ्या." ते आवळतच राहिले. मी पुन्हा ओरडलो. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता. आक्काचं ते वाक्य माझ्या डोक्यात सारखं वाजत होतं.

"बग खाली काय दिसतंय," शेवटी ते म्हणाले.

मी पेटी उघडली. पडद्यावर वाऱ्यापुढे आकडा होता. लहानसा, साधा आकडा, वारं जवळजवळ नाही असं सांगणारा. मी हात वर केला. दाजी उतरायला लागले तेव्हा त्यांचा उजवा हात शिडी धरत नव्हता, नुसता तिच्यावर टेकत होता.

दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती. पहिलं जास्त. मी त्यांना तंबूत बसवलं, माझ्या कोटाची चेन उघडली आणि त्यांचा हात माझ्या काखेत धरला. कातडीला लागल्यावर बर्फाचा तुकडा ठेवल्यासारखं झालं. घरी ज्यांच्यासमोर मी पाय पसरत नाही ते दाजी माझ्या अंगाला चिकटून बसले होते, आणि मी त्यांना सारखं विचारत होतो, "दुखतंय का?" दुखत असेल तर बरं, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं.

"न्हाय दुखत," ते म्हणायचे. पुन्हा थोड्या वेळानं, "न्हाय."

तास भरला. पेटीतला छोटा दिवा लुकलुकला, म्हणजे आकडा वर गेला. तो कुणी पाहिला का, हे सांगणारा दिवा त्या पेटीत नसतो. उताराच्या वरच्या अंगाला बर्फ उडायला लागला होता. फाटलेलं कापड जरा जरा हलायला लागलं. दाजींचा हात मी आणखी घट्ट धरला. पंखा आता मघापेक्षा जोरात फिरत होता, आणि पुढच्या तासाला हेच केंद्र आमच्याविरुद्ध साक्ष देणार होतं.

हेलिकॉप्टरचा आवाज आधी दाजींनी ऐकला. मला वाटलं, ते माझं मन राखायला म्हणतायत. मग मलाही आला. पायलटनं पंखे चालूच ठेवले. आम्ही पेट्या, तंबू, सगळं तिथेच टाकलं आणि वाकून धावलो. वर गेल्यावर तो मागे वळून मोठ्यानं म्हणाला, "एकदम वाऱ्याचा आकडा दिसायला लागला, म्हणून निघालो." खाली पाहिलं तर खांब दिसत नव्हता.

तळावरच्या डॉक्टरांनी एक बोट वाचवलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर गेलं. दाजींनी ते ऐकलं आणि म्हणाले, "बरं." त्या रात्री जेवताना त्यांनी डाव्या हातात चमचा धरला होता आणि तो तोंडापर्यंत नीट जात नव्हता. मी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो.

आम्ही कोल्हापूरला पोचलो तेव्हा आक्का दारात होती. तिनं भाकरीतुकडा ओवाळून टाकला, दाजींचा पट्टी बांधलेला हात पाहिला आणि त्यांना आत घेऊन गेली. मला 'ये' म्हणाली नाही. 'जा'ही म्हणाली नाही. मी चपला काढून आत गेलो.

दुपारी दाजी बाहेरच्या खोलीत झोपले. आक्का स्वयंपाकघरात भाकरी करत होती. मला ताट वाढून दिलं होतं आणि मी खाली मान घालून जेवत होतो. ती माझ्याकडे न बघताच बोलायला लागली.

"तुमी अडकलायसा म्हणून हापिसातनं फोन आलता. तंबूत हायत, बरं हायत म्हणले. ह्येंनी जायच्या आदी मोबाईलवर दाखवून ठेवलतं, तुमच्या खांबाचं आकडं कुठं दिसत्यात ते. म्हणलं, बगावं. थंडीचा आकडा यायचा. वाऱ्याचं रिकामंच. जेवण करायची, बगायची. धुणं धुवायची, बगायची."

परातीतलं पीठ तिनं पुन्हा मळायला घेतलं, ते मळलेलंच होतं.

"आन् मग वाऱ्याचा आकडा आला. तवा मला कळलं, कुणीतरी भाईर जाऊन तितं हात घातलाय. दोघंच हायत म्हणल्यावर कुणाचा? थंडीचा आकडा तर म्होरंच दिसत हुता." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मी हितंच बसले, ह्या पाटावर. देवाला म्हणलं, भावाचा आसू दे."

मला वाईट वाटलं. तिचं बरोबर होतं, तिच्या जागी मी असतो तर मीही तेच मागितलं असतं, हे सगळं मला कळत होतं आणि तरी फार वाईट वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "मीच चढलो होतो आधी, आक्का."

"म्हाईत हाय. ह्येंनी सांगिटलं."

मग ती उठून माझ्यासमोर येऊन बसली. "हात दाव," म्हणाली. माझा उजवा हात कालवणानं भरलेला होता, तो तिनं तसाच धरला. मग डावा. पीठ लागलेल्या हातांनी तिनं एकेक बोट टोकापर्यंत दाबून पाहिलं, नखं पाहिली, हात उलटे करून पाहिले. सगळी बोटं जागच्या जागी होती. तेव्हा ती रडायला लागली. माझे हात तिनं सोडले नाहीत, आणि ती कुणासाठी रडतेय हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तव्यावरची भाकरी करपत होती. एक हात सोडवून घेऊन मी गॅस बंद केला आणि पुन्हा तिच्यासमोर बसलो.